ला ग्रांद व्हाद्रुय पहिल्यांदा बघणार असाल तर असा बघा

१९६६चा फ्रेंच पिक्चर, दुसऱ्या महायुद्धातला, आणि तरी विनोदी, एवढं ऐकून बरेच जण वॉचलिस्टमध्ये टाकतात आणि तो तिथेच पडून राहतो. नाहीतर लावतात, पहिली वीस मिनिटं एक डोळा मोबाईलवर ठेवून बघतात आणि मग म्हणतात ठीक आहे, एवढं काय त्यात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण फ्रान्समध्ये थिएटरात या पिक्चरची १ कोटी ७२ लाखांच्या वर तिकिटं गेलीत, फ्रेंच पिक्चरांमधला तो रेकॉर्ड २००८ पर्यंत कोणाला मोडता आला नाही, आणि टीव्हीवर लागला की अजूनही घरची तीन पिढ्यांची माणसं एकत्र बसून बघतात. तेव्हा तो नीट कसा बघायचा ते सांगतो. सगळं विसरलात तरी एक लक्षात ठेवा, जो आरडाओरडा करतोय त्याच्याकडे आपोआप लक्ष जातंच, तुम्ही मुद्दाम त्याच्या शेजारी गप्प उभा असलेल्याकडे बघा. अर्धा पिक्चर तिथे आहे.

सुरुवात भाषेपासून. डब केलेला बघू नका, म्हणजे नकोच. या पिक्चरमध्ये इंग्रज इंग्रजी बोलतात, जर्मन जर्मन बोलतात, फ्रेंच फ्रेंच बोलतात, आणि कोणालाच दुसऱ्याचं धड कळत नाही यावरच निम्मे विनोद उभे आहेत. डबिंगमध्ये सगळे एकाच भाषेत फाडफाड बोलायला लागले की मग ही माणसं एकमेकांना समजून का घेत नाहीयेत हेच कळत नाही. मूळ ऑडिओ आणि खाली सबटायटल्स, बस. आणि सबटायटल्स कुठली आहेत ते आधी दोन मिनिटं तपासा, काहींमध्ये फक्त फ्रेंच संवादांचा अनुवाद असतो आणि जर्मन तसंच सोडलेलं असतं, ते चालतं, उलट बरंच आहे, कारण आपल्या दोन हिरोंनाही तिथे काही कळत नसतं. शोधताना या नावाने सापडला नाही तर इंग्रजीतल्या डोन्ट लुक नाऊ, वी आर बीइंग शॉट ॲट या नावाने शोधा, पिक्चर तोच आहे.

मग स्क्रीन. मोबाईलवर बघू नका अशी हात जोडून विनंती. पिक्चर रुंद पडद्यासाठी शूट केलाय, कॅमेरा क्लोद रन्वारचा, म्हणजे चित्रकार ऑग्युस्त रन्वारचा नातू, आणि या माणसाने दोघा नटांना बऱ्याचदा एकाच फ्रेममध्ये शेजारी शेजारी ठेवलंय, सारखं कट करून याचा चेहरा मग त्याचा चेहरा असं केलेलं नाही. त्यामुळे एक जण बोलत असताना दुसऱ्याच्या चेहऱ्यावर काय होतंय ते तुम्हाला स्वतः शोधावं लागतं. पाच इंचाच्या स्क्रीनवर ते दिसतच नाही हो. टीव्हीवर लावा, आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये चित्र ताणून पूर्ण स्क्रीन भरायचा पर्याय चालू असेल तर बंद करा, वर खाली काळ्या पट्ट्या दिसू द्या.

आता थोडा इतिहास, अगदी लागेल तेवढाच. जून १९४० मध्ये फ्रान्स हरला, २२ जूनला युद्धबंदीचा करार झाला आणि देशाचे दोन भाग पडले. उत्तर भाग आणि अटलांटिकची किनारपट्टी थेट जर्मन सैन्याच्या ताब्यात, आणि दक्षिणेला व्हिशी सरकारचा (जर्मनांशी जुळवून घेणारं फ्रेंच सरकार), नावापुरता तरी, मुक्त भाग. मधे सीमारेषा, तिच्यावर चौक्या, आणि पलीकडे जायला जर्मनांचा परवाना लागायचा. पिक्चर १९४२ मधला आहे. त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला जर्मनांनी दक्षिण भागही घेतला, म्हणजे ही पळापळ शक्य होती ती त्याच्या आधी. हे माहीत असलं की पॅरिसहून सगळे बर्गंडीकडेच का पळतात ते लगेच कळतं, बोन आणि मर्सो ही वाईनची गावं ताब्यातल्या भागात होती आणि सीमारेषा तिथून जेमतेम ३० किलोमीटरवर, शालोन-सुर-सोनच्या बाजूने जायची. पाडलेल्या विमानांतल्या वैमानिकांना लपवून देशाबाहेर काढणारे लोकही खरोखरचे होते, कोमेत नावाच्या जाळ्याने तर शेकडो जणांना पिरेनीज पर्वत ओलांडून स्पेनमध्ये पोचवलं. पकडले गेलेल्या मदतनीसांची रवानगी छळछावण्यांत व्हायची. ही भीती डोक्यात ठेवून बघा, नाहीतर नुसती धावपळ वाटेल.

कथा मी फार सांगत नाही, सुरुवात तेवढी सांगतो. ब्रिटिश हवाई दलाचं एक विमान पॅरिसवर पडतं आणि तीन वैमानिक पॅराशूटने तीन ठिकाणी उतरतात. एक जण प्राणिसंग्रहालयात, एक जण इमारतीला रंग देणाऱ्या ऑग्युस्तँ बुव्हेच्या परांचीवर (आणि रंगाचा डबा खाली उभ्या जर्मन अधिकाऱ्याच्या अंगावर), आणि तिसरा ऑपेरा गार्निए या संगीत नाट्यगृहाच्या छपरावर, तिथून थेट ऑर्केस्ट्राचा कंडक्टर स्तानिस्लास लफोर याच्या खोलीत. रंगारी आणि कंडक्टर, दोघांनाही हिरोगिरी करायची नसते, एकमेकांची ओळखही नसते, आणि दोघं अडकतात ते अडकतातच.

रंगारी म्हणजे बुर्विल, कंडक्टर म्हणजे लुई द फ्युनेस. या दोघांबद्दल थोडं माहीत असलं तर बघायला जास्त मजा येते म्हणून सांगतो. बुर्विलचं खरं नाव आंद्रे रँबूर, नॉर्मंडीतल्या बुर्विल नावाच्या गावात शेतावर वाढलेला, म्हणून ते नाव घेतलं, तरुणपणी बेकरीत काम केलेलं, गाणी म्हणत म्हणत पुढे आला आणि साध्याभोळ्या खेडवळ माणसाच्या भूमिकांनी लोकांचा लाडका झाला. त्याचं वेळेचं भान फार बारीक होतं पण तो ते दिसू देत नाही, एखादं वाक्य अर्धा सेकंद उशिरा बोलतो आणि तिथेच सगळा खेळ असतो. द फ्युनेस अगदी उलटा. आईवडील स्पेनमधून आलेले, युद्धाच्या काळात हा पॅरिसमधल्या बारमध्ये पियानो वाजवायचा, मग कितीतरी वर्षं पिक्चरमध्ये दोन मिनिटांच्या, चार वाक्यांच्या भूमिका, आणि खरा स्टार झाला तेव्हा वय पन्नाशीला टेकलेलं. त्याचा चेहरा एका वाक्यात पाच वेळा बदलतो. वरच्या माणसासमोर गोड, लगेच वळून खालच्या माणसावर खेकसणं, हे त्याने ज्या वेगाने केलंय तसं मी दुसऱ्या कोणाचं बघितलेलं नाही.

तिसरा टेरी-थॉमस, इंग्रज, भल्यामोठ्या मिशा आणि पुढच्या दोन दातांमध्ये फट, विमानाचा प्रमुख सर रेजिनाल्ड. त्याला कमी लेखू नका. बाकी दोघं उकळत असतात आणि हा प्रत्येक संकटात सभ्य इंग्रज माणसासारखा शांत, तो नसता तर दोघांचा वेग अंगावर आला असता. बायकांच्या भूमिकांत ज्युलिएत झालेली मारी द्युब्वा आहे, तिच्याशी बोलताना बुर्विल कसा हळवा होतो तेही बघा, त्याच्या प्रेमाची पिक्चरने कुठेही टर उडवलेली नाही.

आता प्रत्यक्ष बघायचं कसं. अर्धा पिक्चर पॅरिसमध्ये आहे आणि अर्धा बर्गंडीत, लांबी दोन तासांच्या वर. सलग बघता आला तर उत्तमच, नाही तर पॅरिस सोडतात तिथे थांबा, दुसरीकडे कुठे थांबू नका, विशेषतः एखाद्या सीनच्या मधे तर अजिबात नाही. या पिक्चरमधले विनोद सीनच्या सुरुवातीला पेरतात आणि शेवटी उगवतात.

ऑर्केस्ट्राच्या तालमीचा सीन सुरुवातीलाच येतो. बर्लिओझच्या फाउस्टमधलं हंगेरियन मार्च चालू आहे आणि द फ्युनेस कंडक्ट करतोय. हे नुसते हात हलवणं नाही, रोबेर्तो बेंझी या खऱ्या कंडक्टरकडून त्याने धडे घेतले होते आणि पियानोवाला असल्यामुळे ताल अंगात होताच. पहिल्यांदा नेहमीसारखा बघा. मग मागे जाऊन तोच तुकडा आवाज बंद करून बघा. मनगट कुठे थांबतं, कुठल्या वादकाकडे नजर जाते, भुवई कधी उठते, हे सगळं संगीतात बसतं. मग परत आवाज लावून बघा, आणि तेव्हा कळेल की हा माणूस संगीताची टिंगल करत नाहीये, संगीत मनापासून करतोय आणि स्वभावाने मात्र असह्य आहे, हसू येतं ते या दोन गोष्टी एकत्र असल्यामुळे. हे कळलं की पुढे हाच माणूस गटारातून, चिखलातून धावतो तेव्हा त्याचं काय काय गेलंय ते जाणवतं.

दुसरा सीन तुर्की हमामातला, आणि माझ्या मते सगळ्या पिक्चरचा प्राण तोच. वैमानिकांनी ठरवलेलं असतं की तिथे भेटायचं आणि खूण म्हणून टी फॉर टू या गाण्याची शीळ घालायची. आता ऑग्युस्तँ आणि स्तानिस्लास दोघंही आपापल्या वैमानिकाच्या वतीने तिथे जातात. वाफ इतकी दाट की समोरचा माणूस धूसर दिसतोय, अंगावर पंचे, आणि दोघंही शीळ घालत फिरतायत. साहजिकच प्रत्येकाला वाटतं की समोरचा म्हणजेच तो इंग्रज. मग दोन फ्रेंच माणसं एकमेकांशी मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलायला लागतात, अगदी गंभीरपणे, कुजबुजत, जिवाचा प्रश्न आहे म्हणून. आणि बराच वेळ चालतं हे! घाई केलेली नाही. शेवटी द फ्युनेसचं ते अर्धं इंग्रजी अर्धं फ्रेंच वाक्य येतं, बट आलोर, यू आर फ्रेंच, जे फ्रान्समध्ये आजही लोकांच्या तोंडी आहे. इथे बघायचं काय, तर बुर्विल. द फ्युनेस इंग्रजीशी झटापट करताना चेहऱ्याने, हाताने, मानेने बोलत असतो, आणि बुर्विल फक्त ऐकतो, खरंच ऐकतो, समोरच्या परक्या माणसाचं मन राखायचा प्रयत्न करतो. त्या ऐकण्यामुळे सीन खरा वाटतो. दोघांनीही चेहरे वाकडे केले असते तर दोन मिनिटांत कंटाळा आला असता.

तिसरा तो भिंतीवरचा. बर्गंडीकडे पायपीट चालू असते, द फ्युनेस भिंतीवरून उतरायला बुर्विलच्या खांद्यावर बसतो आणि उतरतच नाही, तसाच बसून चालायला लावतो, आणि बुर्विलच्या लक्षात यायला वेळ लागतो. हे आधी लिहिलेलं नव्हतं, शूटिंगच्या वेळी सुचलं असं सांगतात, आणि पुढे तेच चित्र पोस्टरवर गेलं. याच प्रवासात बुटांची अदलाबदलही आहे, कंडक्टर साहेबांना आपले बूट टोचतात म्हणून रंगाऱ्याचे हवेत. शहरातला मोठा माणूस आणि मजूर, युद्धात दोघं एकाच रस्त्यावर आले तरी जुनी सवय कशी जात नाही ते लेखकांनी भाषण न देता बुटांवरून आणि खांद्यांवरून दाखवलंय. दिग्दर्शक गेरार उरी आणि त्याची मुलगी दानिएल टॉमसन यांनी मार्सेल ज्युलियाँबरोबर ही पटकथा लिहिली, आणि मला तरी वाटतं अशी घट्ट बांधलेली विनोदी पटकथा विरळाच.

मर्सोच्या हॉटेलातला रात्रीचा सीन तुम्हाला न सांगताही आवडेल, दारावरच्या ६ आकड्याचा खिळा निसटतो, तो उलटा होऊन ९ होतो आणि द फ्युनेस घोरणाऱ्या जर्मन मेजरच्या शेजारी येऊन झोपतो. तिथे फक्त आवाज मोठा ठेवा. बोनमधला जुना धर्मादाय दवाखाना, रंगीत कौलांचा, तो १४४३ साली स्थापन झालेला खराखुरा आहे, सेट नाही. शेवटची पळापळ, भोपळे, ग्लायडर, हे डोळ्यांसमोर आपोआप जातं, सुंदर आहे, पण तिथे माझ्या सूचनांची गरज नाही.

एक गोष्ट मात्र बोलायला हवी. या पिक्चरमध्ये जवळजवळ कोणी मरत नाही, गावातला प्रत्येक माणूस, नन, हॉटेलवाली, सगळे मदत करतात. प्रत्यक्षात असं नव्हतं. १९४२ च्या जुलैमध्ये, १६ आणि १७ तारखेला, पॅरिसमध्ये फ्रेंच पोलिसांनीच सुमारे १३,००० ज्यूंना पकडलं, त्यात चार हजारांवर मुलं होती, आणि पिक्चरमध्ये याचा उल्लेखही नाही. हे माहीत नसताना बघितला तर चुकीचं चित्र डोक्यात राहील. पण हे माहीत झालं म्हणून पिक्चर खोटारडा ठरवून मोकळेही होऊ नका. उरी स्वतः ज्यू होता, ज्यूंविरुद्धच्या कायद्यांमुळे त्याला कोमेदी-फ्रांसेझ हे नाट्यगृह सोडावं लागलं आणि पुढे स्वित्झर्लंडला पळून जावं लागलं, आणि दानिएलचा जन्म १९४२ चाच. म्हणजे हा माणूस सीमारेषा ओलांडण्यावर पिक्चर करतोय तो ऐकीव माहितीवर नाही. आणि १९६६ मध्ये थिएटरात बसलेल्या बहुतेक मोठ्या माणसांनी जर्मन ताब्याची ती चार वर्षं भोगलेली होती. त्यांना त्या हेल्मेटवाल्यांना घाबरायचं ठाऊक होतं, हसायची सोय या पिक्चरने केली. जर्मनीतही तो दाखवला गेला आणि तिथल्या लोकांनीही तो बघितला, याचं मला अजून अप्रूप वाटतं. दुसरी बाजू बघायची असेल तर त्यानंतर काही दिवसांनी मार्सेल ओफ्युल्सची १९६९ची ल शाग्रँ ए ला पितिए ही डॉक्युमेंटरी बघा, चार तासांच्या वर आहे, दोन भागांत बघा, आणि या पिक्चरच्या रात्रीच लागोपाठ लावू नका, दोन्हींवर अन्याय होतो.

मुलांबरोबर बघत असाल तर आधी एवढंच सांगा की बाहेरच्या सैन्याने देश व्यापलाय आणि हे लोक पळतायत, बाकी ती बरोबर समजून घेतात. रंगाचा डबा आणि भोपळे त्यांना पुरतात, सबटायटल्स वाचता येत नसतील तर हमामाच्या सीनपुरतं कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवा, बाकी वेळ लुडबुड करू नका.

आवडला तर पुढे काय बघायचं याचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी ल कोर्निओ, १९६५चा, तोच उरी आणि तीच जोडी, सुरुवातीलाच द फ्युनेसची मोठी गाडी बुर्विलच्या छोट्या सित्रोएन गाडीला धडकते, छोटीचे सुटे भाग होऊन पडतात आणि बुर्विल स्टिअरिंग हातात घेऊन बसलेला असतो, तेव्हाचा त्याचा शांतपणा बघा. त्यात दोघं फार वेळ एकत्र येत नाहीत, म्हणून तर व्हाद्रुयमध्ये त्यांना सतत एकत्र ठेवलंय, आणि हा फरक लागोपाठ बघितल्यावर चांगला कळतो. मग मागे जा, १९५६चा ला त्राव्हेर्से द पारी, तोही जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमधला, काळ्या बाजाराचं डुकराचं मटण रात्री शहरातून वाहून न्यायची गोष्ट. तिथे बुर्विलबरोबर जाँ गाबँ आहे आणि द फ्युनेस फक्त एका सीनपुरता किराणावाला म्हणून येतो, पण तो सीन सोडू नका. विनोद आहे पण कडवट आहे, म्हणून तो पहिला बघू नये असं माझं ठाम मत आहे.

त्यानंतर दोघांना वेगवेगळं बघा. तिसरा पिक्चर एकत्र करायचा ठरलेला होता पण १९७० च्या सप्टेंबरमध्ये बुर्विल गेला, अवघा ५३ वर्षांचा, आणि ला फोली दे ग्रांदर मध्ये त्याच्या जागी इव्ह मोंतां आला. बुर्विलसाठी ल सेर्क्ल रूज बघा, त्यात तो पोलीस कमिशनर आहे आणि विनोदाचा लवलेश नाही, गप्प राहून ऐकायची जी ताकद हमामात दिसली तीच इथे अंगावर काटा आणते. द फ्युनेससाठी १९७३चा राबी जाकोब, परत उरीच, आणि त्याआधीचे जांदार्म (म्हणजे पोलीस) मालिकेतले पिक्चर्स. त्या मालिकेतले सगळे बघायची गरज नाही, पहिला, १९६४चा, तेवढा बघा, आणि त्यात मन रमलं तरच पुढच्यांना हात घाला.